रकाना सात

वारज्याच्या पुलाखाली, मजूर अड्ड्यापाशी
सकाळी नऊला मी फॉर्म घेऊन पोचले.
रकाना सात: सामाजिक नवोपक्रमाचा जनक.
जननी छापायचं राहून गेलं होतं.

दोन खांबांना दोरीनं बांधलेली साडी,
झोळीत यल्लव्वाचं तान्हं,
खाली गोणपाटावर आणखी सहा.
एकाच्या हातात थापी, दांडा नसलेली,
तो धुळीला गिलावा करत होता.

शेवंता म्हणाली, आज माझी पाळी.
बाकीच्या पाचजणी टेम्पोतून गेल्या, बावधनला, स्लॅबवर.
सांजच्याला येतील, ऐंशी ऐंशी देतील.
चारशे होतात.
स्लॅबवर सहाशे मिळतात.
दोनशेचा तोटा, पण पाठीला सुट्टी.

हे कुणाच्या डोक्यातून आलं?
डोक्यातून कुठलं, बाई.
नगिनाचा पोरगा खडीच्या ढिगाआड निजला होता
आणि डंपर मागं येत होता.
पुढचं ती बोलली नाही.
गोणपाटाचा कोपरा उगाच सरळ केला.

वर्गात मी फळ्यावर लिहिते:
नवी वस्तू म्हणजे नवोपक्रम नव्हे,
माणसामाणसांत नवं नातं उभं राहिलं पाहिजे.
मुलं उतरवून घेतात, खाली रेघ मारतात.
इथं फळा नाही.
पाळी आहे, पाळणा आहे, पाळलेला शब्द आहे,
एकाच धातूची तीन लेकरं.

पण कायद्यातही पाळणाघर आहे.
साइटवर पन्नासहून जास्त बाया असतील तर.
ठेकेदाराच्या वहीत त्या कधीच पन्नास ओलांडत नाहीत.
मग मी जिला नवोपक्रम म्हणायला निघाले
ती त्या वहीला पडलेल्या भोकावरची
बायकांच्या हातची शिवण आहे,
आणि शिवणीचं कौतुक करताना
भोक कुणी पाडलं हे विचारायला
माझ्या फॉर्मवर रकानाच नाही.

तुमचं पोर कोण बघतं? शेवंतानं विचारलं.
आहे एक. वनिता.
चार वर्षं येते.
मग तिचं?

तान्हं रडायला लागलं. ती झोळीकडे वळली,
उत्तरासाठी थांबली नाही.

दुपारी कोथरूडला घरी आले.
वनिता माझ्या मुलीला वरणभात भरवत होती.
मी दारातच उभी,
फॉर्म हातात,
चपला अजून पायात.