आबोचा खोकला

आबोला खोकला नव्हता.
हे आधीच सांगून ठेवते,
कारण वजीर गावात लोक अजून म्हणतात,
धुळीनं छाती धरली होती हिर्सीची.

देयरचा पाऊस तीन वर्षं फिरकला नव्हता.
रस्त्याच्या कडेला उंटांचे सांगाडे,
ओझं उतरवून जरा टेकावं तसे टेकलेले.
गाढवं आधी कागद खायची, मग पुठ्ठे,
मग उभ्या उभ्या नुसती विचार करायची.

आमच्या अंगणात गावाची काळी टाकी,
तिची किल्ली आबोच्या गळ्यात.
घरटी दोन पिवळे कॅन,
वहीत नाव, नावापुढे रेघ.
आम्हालाही दोनच.
होयो म्हणायची, गळ्यात किल्ली आणि घसा कोरडा.
पाण्याचा राखणदार
फजरला तयम्मुम करायचा:
तळवे मातीवर टेकून चेहऱ्यावरून फिरवायचा,
इतके सावकाश, की मला वाटायचं
आता हनुवटीवरून ओघळेल काहीतरी.

एका रात्री नळ बोलला.
कुलूप जुनंच होतं, खिळ्यानंही उघडणारं.
कॅनच्या तळाशी पडणारी पहिली धार
दुष्काळात अजानीइतकी लांब ऐकू जाते.
मी जागी. होयो जागी. आबो तर जागाच.
मग पावलं. एक ठाम,
एक ओढलेलं.
उंटाखाली सापडलेला पाय गावात एकाचाच,
काहियेचा.
त्याच काहियेनं, विहिरीच्या तंट्यात,
बाभळीखाली बसलेल्या दीडशे माणसांसमोर
आबोला चोर म्हटलं होतं.

होयोनं आबोचा दंड धरला.
ऊठ. कंदील घे. आज बघू दे गावाला.

आबो उठला.
कंदील घेतला नाही.
दाराशी गेला आणि दाराच्या आतूनच
खोकला.
मोठ्यानं, लांबण लावून,
हातात काठी असलेल्या म्हाताऱ्यासारखा.
मग चप्पल शोधली.
सापडलेली चप्पल पुन्हा शोधली.
बाहेर ते ओढतं पाऊल
काट्यांचं कुंपण ओलांडेपर्यंत
त्याला दुसरी चप्पल काही सापडेना.

अंगणात चांदणं, आणि मुठीएवढी ओली माती.
तिच्यावर त्यानं पायानं कोरडी माती लोटली.

सकाळी वहीत एक कॅन कमी भरला.
आबोनं स्वतःच्या नावापुढे रेघ ओढली.
त्या दिवशी भात झाला नाही.
लिबानचे ओठ फुटले होते, तो चाटायचा,
पुन्हा फुटायचे.
होयो म्हणाली,
तुझी दया माझ्या पातेल्यातून जाते, हिर्सी.
यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
तसबीह घेऊन भिंतीला टेकला.
नव्याण्णव नावांतल्या एकाच नावावर
त्याचा अंगठा अडून राहिला:
या सत्तार. झाकणाऱ्या.
मला त्याचा राग आला होता.
आजही, खरं सांगायचं तर, थोडा येतो.

संध्याकाळी त्यानं नळाच्या तोंडाला चिंधी बांधली.
आवाज नको, म्हणाला.
कुणाच्या झोपेसाठी, ते बोलला नाही.
त्यानंतर अधूनमधून रात्री त्याला ढास लागायची,
आणि आमच्या नावापुढे रेघा वाढायच्या.

पाऊस आला तेव्हा असा आला
की उरलेल्या चार शेळ्यांतल्या दोन वाहून गेल्या.
आबो त्यानंतर सात वर्षं जगला.
छाती ठणठणीत. गेला तो तापानं.
आम्ही बायका लांब उभ्या होतो.
कबरीच्या ताज्या मातीवर शिंपायला
पाणी कुणी आणलं नव्हतं, घाईत राहून गेलेलं.
तेवढ्यात गर्दी बाजूला झाली.
एक ठाम पाऊल, एक ओढलेलं.
काहियेच्या खांद्यावर पिवळा कॅन,
काठोकाठ.
त्यानं तो एकट्यानं रिता केला, डोक्यापासून पायापर्यंत,
आणि चेहरा पुसायला
रिकाम्या कॅनमागे वळला.
माणसं आपापल्या चपला शोधू लागली.

किल्ली आता माझ्या गळ्यात आहे.
यंदाही आभाळ कोरडं.
रात्री मी दाराच्या आतून खोकून बघते.
अजून खरा वाटत नाही.