वजा एक

ताव्हेर्नला नाव नव्हतं.
पणजीत पोस्टामागच्या गल्लीत
इनास कुलासोची जागा, एवढंच.
चार बाकं, एक पिंप,
आणि लिस्बनहून आला म्हणतात तो पियानो,
ज्याच्या सात पट्ट्या पहिल्या दिवसापासून मुक्या.

आण्णा तिथं हिशेब लिहायचे.
पीत नसत. पाणीसुद्धा घरचं, तांब्यातून.
उंबऱ्याबाहेर सोपो, सोप्यावर मांडी,
मांडीवर वही, आणि कान आत.
"शेणय, भितर यो," इनास म्हणायचा.
"येतो," म्हणायचे,
आणि जात नसत.

वही माझ्याकडे आहे.
वाळवीनं रुपये खाल्ले, तांगे ठेवले.
पान बारा:
मेस्त आगुस्तीन, व्हायोलिन, रात्री दोनपर्यंत.
देणे: जेवण, चोरीस, बाटली एक.
तारेसाठी उचल दिली. परत आली नाही.
त्याखाली:
बोस्त्यांव, नकला. तीन पेग. वजा एक.
आणि अगदी बारीक अक्षरात, कुणी विचारलं तर
पुसता यावं अशा पेन्सिलीनं:
हसलो.

मी आण्णांना घरी हसताना पाहिलेलं नाही.

पूल उडाले त्या डिसेंबरात
दिवे विझवून सगळे पिंपाआड बसले.
आण्णा आत. पहिल्यांदाच.
कुणाच्या तरी ओल्या कोपराला कोपर लावून.
बराच वेळ नुसते श्वास,
मग अंधारात बोस्त्यांव:
"इनास, माझी उधारी पोर्तुगीज होती.
ती गेली ना त्यांच्याबरोबर?"
दुसऱ्या दिवशीची नोंद:
उधारी कायम. वजा एक.

मग कौलाचं वर्ष. फूल की दोन पानं.
आण्णा फुलाचे, इनास पानांचा.
तीन आठवडे दोघं फक्त आकड्यांत बोलले.
आगुस्तीननं सूर लावला तरी
बाकं दोन बाजूंना सरकलेली.
बोस्त्यांव उभा राहिला, टोपी काढली:
"फूल घेतलं तर सुकतं,
पानं ठेवली तर बकरं खातं.
मी मत दिलं देठाला."
त्या रात्री वजा तीन आहे.
अक्षर आण्णांचं नाही, इनासचं.

पुढं बोस्त्यांव मुंबईला गेला, की तारवावर,
वहीत दोन्ही लिहून दोन्ही खोडलंय.
आगुस्तीनचा हात थरथरू लागला.
इनासच्या मिंगेलनं आणला टेपरेकॉर्डर,
मग टीव्ही, मग मोठा टीव्ही.
पियानोवर खोकी रचली.
त्या वर्षांच्या वह्या जाड आहेत,
धंदा जोरात चालला.
वाचायला काही नाही.

आता मिंगेलची ज्यूडिट बघते.
मधली भिंत काढली, टीव्ही विकला,
पियानो ओढून उजेडात आणला.
मंगळवारी विनोद, शुक्रवारी ट्रिओ.
पाटीही आली शेवटी: 'सात मुके'.
पुण्याची पोरं भलताच अर्थ काढून
पाटीखाली फोटो घेतात.
ज्यूडिटला अजून कुणी सांगितलेलं नाही.
मीही नाही.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून
हिशेब माझ्याकडे.
मी आत बसतो.
सोप्यावर लोक हेल्मेट ठेवतात.

परवा मंगळवारी म्हापशाची विदिता नार्वेकर,
पहिलीच वेळ, हातातला माईक घामानं निसटता.
पहिले चार विनोद
एसीच्या आवाजात बुडाले.
कुणीतरी बिल मागितलं, मोठ्यानं.
मग ती थांबली, आणि जणू स्वतःशीच:
"मांडवीत आता मासळी कमी, जहाजं जास्त.
आई सांगते, येताना पाव किलो कसिनो आण.
खवलं काढून."

सहा जण हसले.
माझा चष्मा टेबलाखाली गेला.

संगणकाला वजा चालत नाही,
लाल चौकट दाखवतो.
म्हणून बिलाच्या पाठीमागे लिहिलं:
विदिता, कोकम सोडा दोन. वजा एक.
ज्यूडिट कागद उलटसुलट करत राहिली.
"अंकल, हा एक कुठं दाखवू?"

पुढचा पोरगा तोवर
माईकवर बोट आपटून बघत होता.