अंगावर काढलेलं

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
बंद पडलेल्या छापखान्याची भिंत, तिला टेकून माझं शटर.
सव्वानऊला टिपणीस आले.
बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले,
"आवाज तसा सकाळीच येतो. मग जातो."

सगळे हेच म्हणतात.
मग जातो.

लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक हेडच्या कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडाला.
पास्कलमामाने शिकवलेलं:
डोळे मीट, एकेक सिलेंडर वेगळा ऐक.
पहिला ठीक. दुसरा ठीक.
तिसऱ्यावर कुणीतरी नखाने पत्रा वाजवत होतं
थांबून थांबून,
दार उघडतील याची खात्री नसल्यासारखं.

कव्हर काढलं तर आत
बेरी जळून कढईला धरावी तसं काळं.
तन्वीरने बोटावर घेऊन पाहिलं.
"शेठ, हा तर कळव्याच्या खाडीतला चिखल."

कॅमशाफ्ट पुसला.
सात नाकं टोकदार.
तिसऱ्याचं एक्झॉस्टचं नाक मात्र बसकं, चरे पडलेलं.
मायक्रोमीटर लावला. पाऊण मिलिमीटर गेलेलं.
पाऊण मिलिमीटर म्हणजे
लग्नपत्रिकेची दुहेरी घडी, फार तर.
तेवढाच व्हॉल्व्ह कमी उघडायचा,
तेवढाच धूर आत राहायचा,
आणि इंजिन प्रत्येक फेरीला
पूर्ण श्वास सोडायच्या आधीच पुढचा घ्यायचं.

नवा शाफ्ट आजच टाकला असता.
सहा महिन्यांत त्याचंही हेच झालं असतं.
तेल जिथे पोचत नाही तिथे लोखंड बोलायला लागतं,
मामा म्हणायचा,
आणि आपण त्याला आवाज म्हणतो.

म्हणून खाली शिरलो. चेंबर उतरवलं.
स्ट्रेनरची जाळी शेणाने सारवल्यासारखी.
तेल वर चढायचं हेडमधलं भोक,
मोहरीच्या दाण्याएवढं,
ते तर टॉर्च मारूनही सापडेना.

मीटर बघितला. एकोणतीस हजार. सहा वर्षांत.
"चाललीच कुठे फार," टिपणीस म्हणाले,
"म्हणून ऑइलचं मनावर घेतलं नाही."

उभी करून चालू ठेवता का, मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही.
"सेंटरच्या बाहेर. मंगळवार, गुरुवार, शनिवार.
चार चार तास. आत बसू देत नाहीत.
उन्हाचा एसी लागायचाच.
आणि बाहेर आली की हिला थंडी भरायची हो,
भर मे महिन्यात. म्हणून आधीपासून
हीटर लावून ठेवायचो."

पाच वर्षं.
किलोमीटरच्या काट्याला यातलं काही माहीत नाही.
तो चाकं मोजतो.

"आता नाही जावं लागत," म्हणाले.
मग चेंबरशेजारची जाळी उचलली,
उजेडाकडे धरली.
"हे गाळणं?"
"हो."
बराच वेळ हातातच होती.
त्यांच्या पांढऱ्या बाहीला डाग पडत होता,
मी सांगितलं नाही.

रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवलं.
सकाळी सायकलच्या ब्रेकची केबल उलगडून
एकच तार वेगळी काढली,
भोकात घातली, फिरवली, ओढली, पुन्हा घातली.
घाई केली तर तार आत तुटते.
अकराच्या सुमारास कंप्रेसरची नळी लावली.
आधी काहीच नाही.
मग एक काळी गुठळी थुंकल्यासारखी उडाली
तन्वीरच्या शर्टावर,
आणि पलीकडच्या टोकाने बारीक शीळ आली.
तन्वीर हसला, शिवी दिली, दोन्ही एकदम.

नवा शाफ्ट, नवं तेल, स्टार्टर.
तिघं उभे राहून ऐकत होतो, काहीही ऐकू येत नव्हतं.

सांगायचं ते सांगितलं:
पाच हजार किलोमीटर नाहीतर सहा महिने, आधी येईल ते.
उभी ठेवून चालवू नका.
आणि आठवड्यातून एकदा चांगली गरम होऊ द्या,
घोडबंदरने गायमुखापर्यंत जा, परत या.

"एकट्यानेच?" टिपणीस म्हणाले.

हे कुठल्याच मॅन्युअलात नाही.
तन्वीर पाने पुसत होता.
याला न्या, म्हटलं. लायसन काढायचंय त्याला,
चौथ्या गिअरला अजून घाबरतो.