चोथा

सव्वीस वर्षं काचेची भांडी धुतली मी या कॉलेजात.
त्यांत काय होतं ते कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
रुबिना आत्तार पहिली,
जिनं पिशवी हातात देऊन म्हटलं,
"घोडकेमामा, दव्यांकडून चहाचा चोथा आणाल?"

दवे म्हणजे कोपऱ्यावरचं अमृततुल्य.
पितळी पातेलं, खलबत्त्यात ठेचलेलं आलं.
"न्या की," म्हणाले, "रोज दोन बादल्या घंटागाडीत जातो."

पहिला चोथा वाया गेला.
दुसऱ्या दिवशी बुरशी, तिसऱ्या दिवशी मुंग्या,
आणि मुंग्यांना पीएचडीचं काय.
"दूध नको त्यात, साखर नको," रुबिना म्हणाली.
दव्यांना ते लागलं.
"बिनदुधाचा? त्याला आम्ही काढा म्हणतो."

मग पानवलकर सापडले.
विमा कंपनीतून निवृत्त, डॉक्टरनं सगळं बंद केलेलं,
रोज नऊला कोरा चहा, तोंड वाकडं करून.
त्यांच्या एकट्याच्या गाळणीतलं
दवे श्रीखंडाच्या डब्यात साठवू लागले.
झाकणावर खडूनं: लॅबचे आहे. हात लावू नये.
महिनाभराचं पथ्य, वाळवून, जेमतेम डबाभर.

तिनं ते उकळलं, गाळलं.
दुसऱ्या चंचुपात्रात लोखंडाचा क्षार, पिवळट.
त्यात थेंब सोडला
आणि पाणी काळं झालं.
हळूहळू नाही. एकदम.

मी म्हटलं, ही तर शाई!
वडील भोरला तलाठ्याच्या हाताखाली होते.
हिरडा कुटून, हिराकस घालून
लोखंडी कढईत भिजवायचे,
बोटं आठवडाभर काळी.
रुबिनानं पेन उघडलं. हिरडा, हिराकस, कढई.
सव्वीस वर्षांत माझं बोलणं
पहिल्यांदा कुणाच्या वहीत गेलं.

"शाईच्याच घरातलं, मामा," ती म्हणाली,
"फक्त हिचे कण इतके बारीक, की तुमच्या नखावर..."
पुढचा आकडा मला पेलला नाही.
नख मात्र मी बराच वेळ बघत बसलो.

दव्यांनी पानवलकरांना सांगितलं असावं.
हल्ली ते दोन कप घेतात.

नाल्याचं पाणी मीच आणलं,
बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधून,
मुठेला मिळायच्या थोडं आधी, पुलाच्या कठड्यावरून.
जांभळं होतं. वर साबणाचा फेस.
नळाच्या पाण्यात जो रंग वीस मिनिटांत उतरायचा
तो इथं दोन तास ढिम्म हलला नाही.
रुबिना स्टुलावर बसून राहिली,
डबा आणला होता, उघडला नाही.
चौथ्या खेपेला अर्धा उतरला.
"अर्धा गेला, मामा!"
असं, जसं काही सगळाच.
खालून चुंबक फिरवलं तर
काही कण तळाशी सरकत आले,
काही आले नाहीत.

काळा गाळ वेगळ्या कॅनमध्ये, तिनं बजावलंय.
उरलेलं पाणी, अर्धं जांभळं, अर्धं बरं,
बेसिनमध्ये ओतलं तर चालेल म्हणाली.

ती गेल्यावर मी ते भांडं हातात धरून उभा होतो.
बेसिनचा पाइप कुठे जातो मला ठाऊक आहे,
दोनदा मीच मोकळा केलाय.
मागच्या नाल्यात.

ओतलं.
मग खिडकीशी गेलो,
कुठून बाहेर पडतं
ते दिसतंय का बघायला.