एकटी गुंडाळी

गोळीबार चौकात हेडाऊकाका कूलरच्या मोटारी भरतात.
मे महिन्यात त्यांची मान वर होत नाही.
टेबलावर मी गिटार पालथी ठेवली.

"दोन गुंडाळ्या कायले?"
एकीची घरघर दुसरी गिळते, म्हटलं,
म्हणून आवाज भरदार. गुबगुबीत.
"मंग तोडाले कायले आली व पोरी?"
कधी कधी एकटीचाच हवा असतो, काका.
पातळ. कडेनं चिरणारा.
"मधातून टॅप काढू? मोटारीचा स्पीड तसाच कमी होते."
नको. पूर्ण गुंडाळी हवी, पण एकटी.

बाप त्यांचा मागावर बसायचा,
तुटलेलं सूत अंधारात बोटांनी सांधायचा.
काकांनी केसाएवढी तार नखावर घेतली,
कथलाचा डाग दिला, बटण बसवलं,
आणि पुन्हा मोटारीकडे वळले.

रात्री गच्चीवर बटण ओढलं.
आवाज खाली बसला,
पण सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या,
जशी लग्नघर रिकामं झाल्यावर
भांडी ऐकू येतात.
आणि त्यांच्यामागे ती घरघर:
ट्यूबलाइटच्या चोकची, खालच्या कूलरची,
काकांनीच भरलेला असेल तो.

बटण दाबायला बोट गेलं.
तिथंच राहिलं.