मापासाठी थर्मास

अर्नो गव्हाचा ट्रक चालवायचा, बंदरापर्यंत आणि परत,
एकतीस हंगाम.
वाटेत काही अजब दिसलं की म्हणायचा, "येताना थांबू."
येताना अंधार झालेला असायचा.

म्हणून यंदा एप्रिलात, पेरण्यांच्या आधी,
मीच निघाले. त्याचा कॅमेरा, सुती टोपी,
आणि डिझेलच्या पावतीमागे त्याच्या हातची यादी:
पत्र्याचा पेलिकन.
बुटांचं झाड.
किटली (संडास).
बटाटा.
बटाट्यापुढे गावाचं नाव नव्हतं.

पेलिकन फोटोत चिमणीएवढा आला.
मागे नुसतं आभाळ, खाली पांढरी खारट जमीन.
आमच्या राज्याचं हेच दुखणं,
सगळं इतकं आडवं
की उभ्याची उंची कळत नाही.
मग पायाशी अर्नोचा लाल थर्मास ठेवला.
झाकणाला पोचा, बुडाशी खिळ्याने कोरलेलं आडनाव.
पेलिकन तत्क्षणी चौदा फुटांचा झाला.

तो ज्याने केला तो क्लेम ओब्स्ट
सावलीत खुर्ची टाकून गाड्या मोजत होता.
दुपारपर्यंत सहा. माझी धरून.
"हायवे उचलून चार किलोमीटर वर नेला त्यांनी," म्हणाला,
"लोकांनी वळावं असं काहीतरी हवं होतं.
आधी मगर करणार होतो."
"इथे कुठली मगर?"
"पेलिकन तरी कुठला?
तळं भरलं तर येतात.
थोरली दुसरीत होती तेव्हा भरलं होतं."
थोरली आता आजी आहे, असंही तो म्हणाला,
पण ते पेलिकनला उद्देशून.

बुटांच्या झाडावर कावळ्यांची घरटी,
एका बुटात एक. वारा आला की नाड्या हलतात.
एक जोड लग्नातला पांढरा, टाचा धड,
फार चालला नसावा.
थर्मास बुंध्याशी. क्लिक.

किटलीची चावी पोस्टात मिळते,
वहीत नाव, वेळ आणि कारण लिहून.
कारणाच्या रकान्यात माझ्या आधीच्या माणसाने लिहिलं होतं
"उघड आहे."
मी लिहिलं, "फोटो."
पोस्टमास्तरीण बाईंनी चष्म्यावरून पाहिलं
आणि तरी कागदाचा रोल हातात दिला.

बटाट्यासाठी पाच गावं पालथी घातली.
कुणी म्हणे पूर्वेला, कुणी म्हणे तो बटाटा नव्हताच,
मेंढी होती, डोकं गळून पडलेली.
शेवटी सापडला कुर्राविलच्या बेकरीसमोर,
म्हणजे सापडला तो चौथरा.
गंजके चार बोल्ट आभाळाकडे तोंड करून.
"माझ्या जन्माआधीच काढला," बेकरीतली ब्रायोनी म्हणाली,
"आत उंदीर झाले होते."

थर्मास चौथऱ्यावर ठेवला.
सवयीने मागे सरकले, डोळा लावला,
आणि तिथेच थबकले.
माप आहे.
ज्याचं घ्यायचं ते नाही.
तरी बटण दाबलं. यादीत होता ना.
मग सॉसेज रोल घेतला, गाडीतच खाल्ला,
सॉस टोपीवर सांडला, आणि निघाले.

दोनशे किलोमीटरवर, मोटेलमध्ये,
चहाची तलफ आली तेव्हा कळलं.
झोप कसली.
सकाळी बेकरीत फोन लावला.

"आहे की," ब्रायोनी म्हणाली, "जागचा हललेला नाही.
उघडल्यापासून तीन गाड्या थांबल्या.
फोटो काढतात हो लोक!
एकाने तर शेजारी लेकराला उभं केलं."
"कशासाठी?"
"काय माहीत. विचारत होता, हे कुणाचं स्मारक.
मी म्हटलं, आत्ताच बसवलंय, पाटी यायचीये.
आत आणून ठेवू का?"

खिडकीबाहेर धान्याचा एक ट्रक गेला,
रिकामा, ताडपत्री फडफडत.
पावती हातात होती. चारही नावांवर रेघ.

"नको," म्हटलं, "येताना घेईन."
आणि फोन ठेवून नकाशावर
घरी जायचा
दुसरा रस्ता शोधला.