दहा-दहा सोडून

गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो मी, दारव्ह्याला,
आणि शिलाई मशीनच्या पाटावर माझा कॉम्प्युटर:
रबरी बटणांचा, पानाच्या डब्याएवढा,
कुवेतहून आलेल्या मावसभावानं कंटाळून दिलेला.
पडदा म्हणून पोर्टेबल टीव्ही,
आठवण म्हणून टेपरेकॉर्डर.
बायको म्हणे, आता फाटकं मी कुठं शिवू?
तिचंही खोटं नव्हतं.

प्रोग्राम कॅसेटवर असायचा. लावला की
पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज.
शेजारचे राऊत भिंतीपलीकडून:
"कोंबडी मारून रायला का बे?"
चार मिनिटं किंचाळून टेप गप्प व्हायची,
पडद्यावर काहीच नाही.
पुन्हा सुरुवातीपासून.

वणीला शालिक गोहोकर, रेडिओ दुरुस्तीवाला.
त्याच्याकडेही असलंच यंत्र आहे, असं कळलं होतं
एका औषध-एजंटाकडून.
रात्री अकरानंतर पाव दर.
टेपरेकॉर्डर काखेत मारून बसस्टँडच्या एसटीडीत गेलो,
रिसीव्हर स्पीकरला टेकवला,
आणि शंभरावर किलोमीटर पलीकडे
त्यानं ती किंचाळी पूर्ण ऐकून घेतली,
वैद्य नाडी धरतो तशी.
"हेड वाकडं हाय. बारका स्क्रू दिसते का तुले?
पाव फेरा डावीकडे. पाव म्हन्लं, अर्धा नाही."
मीटरचे लाल आकडे पळत होते.
बूथवाल्या लोणारेंनी स्वतःचा पेचकस काढून दिला,
विचारलं काहीच नाही.

आमच्याकडे लाइन म्हणजे तीन गोष्टी:
विजेची, फोनची, प्रोग्रामची.
तिन्ही एकदम शाबूत, असं वर्षातून
दोनदा झालं असेल.

मग मी गाभण जनावरांचा प्रोग्राम लिहिला.
गाईला दोनशे त्र्याऐंशी दिवस, म्हशीला तीनशे दहा;
तारीख घाला, विण्याचा दिवस घ्या.
धोंडबा खाडेची म्हैस
एकतीस फेब्रुवारीला विणार, असं निघालं.
त्यानं बोटांवर मोजलं, बराच वेळ मोजलं,
म्हणाला, "मंग त लय टाइम हाय."

आर्वीच्या कुंदा ढोक, गणिताच्या बाई, शालिकनंच सांगितलेल्या.
अख्खा प्रोग्राम मी फोनवर वाचून दाखवला,
स्वल्पविरामांसकट. मधे त्या खोकत.
तिसऱ्या रात्री म्हणाल्या, महिन्यांचे दिवस
तुम्ही सगळीकडे एकतीसच धरलेत.
आणि ओळींना एक, दोन, तीन असे नंबर कशाला देता?
दहा, वीस, तीस द्या.
उद्या कुणाला मधेच काही सुचलं
तर त्यानं बसायचं कुठं?

सगळं पुन्हा टाइप केलं, दहा-दहा सोडून.
तीनशे चाळीस आणि तीनशे पन्नासच्या मधे
त्यांची एक ओळ बसली: तीनशे पंचेचाळीस.
म्हैस दहा मार्चला व्याली. प्रोग्राम बारा म्हणाला होता.
धोंडबा चीक घेऊन आला,
त्यातला अर्धा लोणारेंना दिला.

पुढं शालिकनं सायकलच्या ट्यूबचे दोन पेले करून
त्यात रिसीव्हर बसवला, एक जोड मला एसटीनं पाठवला.
एका रात्री, तिन्ही लाइनी असताना,
टीव्हीवर एकेक अक्षर उमटत गेलं, रोमन लिपीतलं,
मधे खरखरीनं एखादं खाल्लेलं:
जेव_ास का.
मी हाव असं लिहिलं.
तिकडे काय पोचलं कोण जाणे,
तो मात्र हसत होता म्हणे. किराणावाल्यानं नंतर सांगितलं.

कुंदाबाईंना मी पाहिलं नाही कधी.
त्यांची बदली झाली गडचिरोलीकडे, नंबर राहिला आर्वीचाच.

परवा कॅसेट सापडली, सुयांच्या डब्यात.
हेडचा स्क्रू पुन्हा हलवावा लागला. पाव फेरा.
राऊत आता नाहीत, त्यांचा नातू आला आवाज ऐकून,
पडद्यापुढं बसून ओळी वाचू लागला.
तीनशे चाळीस. तीनशे पंचेचाळीस.
"काका, इथं मधले नंबर गळले का?"
नाही रे, म्हटलं. रिकामे आहेत.
तुला काही सुचतं का बघ.